परक्या पाककृती आणि घरची युक्ती

महाविद्यालयाच्या वार्षिकासाठी काही लिहून द्या, असा आग्रह मराठी विभागाच्या विद्यार्थी-संपादकांनी धरला, तेव्हा त्यांची अपेक्षा रसायनशास्त्रावरील एखाद्या लेखाची असावी. मी स्वयंपाकावर लिहितो म्हणालो, तेव्हा ती मुले क्षणभर एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिली. "सर, म्हणजे महिला विभागासाठी का?" असे एकाने भीत भीत विचारलेही. त्या प्रश्नातच या लेखाचे निम्मे कारण आहे.

उरलेले निम्मे कारण मी दर वर्षी पाहतो. खानापूर, चंदगड, हुक्केरी, अथणी, सौंदत्ती या भागांतून मुले-मुली बेळगावात शिकायला येतात, दोघे-तिघे मिळून खोली करतात, आणि महिन्याभरात चहा, पाव आणि नूडल्सची पाकिटे यांवर येऊन ठेपतात. दुपारच्या तासाला डोळे मिटू लागतात ते काही माझ्या शिकवण्यामुळेच असे नव्हे. यांच्यापैकी पुष्कळांच्या भ्रमणध्वनीवर देशोदेशींच्या पाककृती असतात. ते पाहतात आणि भूक लागली की पाकीट फोडतात. ही पाककृती आपल्याला जमेल असे त्यांना वाटत नाही, कारण त्यात लागणारे चीज, ऑलिव्ह तेल, भट्टी यांतले काही खोलीवर नसते. माझे म्हणणे असे की, परका पदार्थ करताना त्याचे जिन्नस दुय्यम असतात. त्यामागची युक्ती मुख्य असते. युक्ती कळली तर एक कढई आणि एक पातेले पुरे. युक्ती सुटली तर मात्र काय होते, याचा एक मोठा धडा इतिहासात आहे आणि एक लहानसा धडा माझ्या घरात आहे. दोन्ही सांगतो.

स्टोव्हची ओळख

मी खानापूर तालुक्यातला. पदवीच्या पहिल्या वर्षाला बेळगावात खोली घेतली तेव्हा मला साधा भातही लावता येत नव्हता. आमच्या घरी मुलग्यांनी चुलीजवळ जायची रीतच नव्हती. आई आठवड्यातून दोनदा बसच्या कंडक्टरजवळ भाकऱ्यांचे गाठोडे देई. पहिल्या दिवशी भाकरी मऊ, दुसऱ्या दिवशी चामट आणि तिसऱ्या दिवशी तिचा आवाज येई. खोलीतला माझा जोडीदार अथणीकडचा, घरी कन्नड बोलणारा. त्याच्याजवळ वातीचा एक स्टोव्ह होता आणि त्याला स्वयंपाक येत होता. त्याच्या अव्वाने, म्हणजे आईने, घर सोडण्यापूर्वी त्याला महिनाभर चुलीसमोर बसवले होते. तो ज्याला झुणका म्हणे त्याला आम्ही पिठले म्हणत असू. या नावावरून आमचे पहिले भांडण झाले आणि ते खाऊन मिटले. त्यानेच मला स्टोव्ह पेटवायला, फोडणी द्यायला आणि भांडी घासायला शिकवले. विद्यापीठाने दिलेल्या पदव्यांइतकेच मी या शिक्षणाचे ऋण मानतो.

आपले म्हणजे किती आपले?

परके पदार्थ म्हटले की काही वडीलधारी मंडळी नाक मुरडतात. त्यांच्यासाठी थोडा हिशेब मांडू. मिरची, बटाटा, टोमॅटो, भुईमूग, मका, काजू, पेरू, पपई ही सर्व अमेरिका खंडातील पिके. १४९२ साली कोलंबस तिकडे पोहोचण्यापूर्वी आपल्याकडच्या एकाही चुलीवर यांपैकी काही शिजलेले नाही. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि यांतील पुष्कळशा गोष्टी समुद्रमार्गे आपल्या किनाऱ्यावर आल्या. 'बटाटा', 'काजू' आणि 'पाव' हे शब्दही पोर्तुगीजच. ज्या मिरचीच्या ठेच्यावर आपण अभिमान सांगतो आणि ज्या बटाट्यासाठी बेळगाव तालुका ओळखला जातो, ती दोन्ही एके काळची पाहुणी आहेत. उपासाला चालणारे बटाटे, शेंगदाणे आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका हे तिन्ही मूळचे दक्षिण अमेरिकेतले, हे कळल्यावर माझ्या एका मावशीने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला होता.

तेव्हा परक्याला घरात घेणे ही आपली जुनीच रीत आहे. प्रश्न एवढाच, की घेताना काय घ्यायचे.

मक्याचा धडा

मक्याचे मूळ मेक्सिकोत. तेथील लोक मका नुसता दळत नाहीत. वाळलेले दाणे चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसेच ठेवतात, सकाळी चोळून धुतात आणि ओले वाटून त्याची पातळ भाकरी थापतात. ही रीत तीन हजार वर्षांहून जुनी आहे. त्या भाकरीला तेथील नाहुआ लोक 'त्लाश्काली' म्हणत. स्पॅनिश लोकांनी तिला आपल्या भाषेत 'तोर्तिया', म्हणजे लहानशी गोल पोळी, असे नाव दिले.

स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला. पीक भरघोस येई, गरिबाला परवडे. स्पेनचा उत्तर भाग आणि इटलीचा उत्तर भाग येथील शेतमजूर पाहता पाहता मक्यावर जगू लागले. मात्र मका नेणाऱ्यांनी चुना नेला नाही. रानटी लोकांची काहीतरी खुळी रीत, असेच त्यांना वाटले असणार. पुढे या मुलखांत एक विचित्र रोग दिसू लागला. हातापायांची आणि मानेची कातडी लाल होऊन सोलवटे, जुलाब होत, बुद्धी भ्रमिष्ट होई आणि अखेर मृत्यू येई. गास्पार कासाल या स्पॅनिश वैद्याने १७३५ मध्ये त्याचे वर्णन केले. इटलीत त्याला 'पेलाग्रा', म्हणजे खरबरीत कातडी, हे नाव पडले. विसाव्या शतकाच्या आरंभी हाच रोग अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील गरिबांत पसरला. तो संसर्गजन्य असावा असे बहुतेक डॉक्टर मानत. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टराने १९१४ पासून चिकाटीने अभ्यास करून दाखवून दिले की हा रोग जंतूंचा नसून निकृष्ट आहाराचा आहे. १९३७ मध्ये कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी नेमका अभाव कशाचा ते शोधले. ते 'ब' गटातील जीवनसत्त्व होते, नायासिन.

आता गंमत अशी की मक्यात नायासिन असते. पण ते अशा बंधनात असते की आपल्या आतड्याला ते सोडवून घेता येत नाही. अल्कधर्मी द्रावणात, म्हणजेच चुन्याच्या पाण्यात, मका शिजवला की ते बंधन तुटते. शिवाय दाण्याचे साल सैल होते, आणि वाटलेल्या पिठाला चिकटपणा येऊन भाकरी थापता येते. मेक्सिकोतील बायकांना नायासिन ठाऊक नव्हते. चुना ठाऊक होता. जहाजावर दाणे चढवणाऱ्या कोणी त्या वाटणाऱ्या बायकांना एवढेच विचारले असते, "बाई, यात चुना कशाला?" आणि तीही रीत सोबत नेली असती, तर दोनशे वर्षांचे ते दुःख पुष्कळ अंशी टळले असते.

हे दूरचे म्हणून सोडून देऊ नये. १९६० च्या सुमारास हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी दख्खनच्या पठारावरील, जवळजवळ केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांमधील पेलाग्राचा अभ्यास केला. म्हणजे नुसती भाकरी पुरत नाही. तिच्या जोडीला काहीतरी लागते. आता अथणीच्या ताटाकडे पाहा: ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. शेंगदाण्यात नायासिन भरपूर असते. खोलीवर राहणाऱ्यांनी डब्यातली शेंगदाण्याची चटणी तोंडी लावणे समजू नये, ती निम्मे जेवण आहे.

ज्यांना तोर्तिया करून पाहायची असेल त्यांच्यासाठी प्रमाण: वाळलेला मका अर्धा किलो, पाणी दीड लिटर, खाण्याचा चुना कोरडा असल्यास सपाट एक चमचा, ओला असल्यास दोन. स्टीलच्या पातेल्यात अर्धा तास उकळावे, रात्रभर झाकून ठेवावे. ॲल्युमिनियमचे भांडे नको, चुना त्याला खातो. भिंतीला लावायचा चुना तर मुळीच नको. सकाळी साले चोळून तीन-चार पाण्यांनी धुवावे, अगदी कमी पाण्यात बारीक वाटावे, प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये दाबून तव्यावर भाजावे. सोबत घेवड्याची किंवा राजम्याची उसळ.

तीन पदार्थ, तीन युक्त्या

पुढील तीन पदार्थ मी स्वतः वारंवार केलेले आहेत. प्रमाण दोघांपुरते.

१) मुजद्दरा (लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइन). ही त्या मुलखातील गरिबांची खिचडी. १२२६ मध्ये बगदादेत लिहिलेल्या एका पाकग्रंथात ती आढळते. नावाचा अर्थ 'देवीचे व्रण असलेली'. पांढऱ्या भातात काळसर मसूर दिसतात म्हणून. आपल्या भागात अख्खा मसूर कोणाला नवा नाही. एक वाटी अख्खा मसूर चार वाट्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे शिजवावा. बोटाने दाबता यावा, पण फुटू नये. पातेल्यात सुमारे दोन वाट्या पाणी उरले पाहिजे. कमी असल्यास गरम पाणी घालावे. त्यात धुतलेले एक वाटी तांदूळ, मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून मंद आचेवर झाकण ठेवावे. दुसरीकडे तीन मोठे कांदे उभे पातळ चिरून चार मोठे चमचे तेलात परतावे. निम्मा कांदा भातात मिसळावा, निम्मा वरून घालावा. सोबत दही.

युक्ती कांद्यात आहे. कांद्यातले पाणी जाईपर्यंत त्याचे तापमान १०० अंशांवर चढत नाही, आणि ते चढल्याखेरीज त्यातील शर्करा व अमिनो आम्ले यांची ती प्रक्रिया वेगाने होत नाही, जिचे वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ मध्ये केले. तांबूस रंग आणि खमंगपणा तिच्यामुळे येतो. याला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. घाईने आच वाढवली की कडा जळतात आणि मधला भाग कच्चा राहतो. या पदार्थात दुसरा मसाला जवळजवळ नाही. कांदा बिघडला की सगळे बिघडले.

२) बटाट्याची तोर्तिया (स्पेन). नाव मेक्सिकोच्या भाकरीचे, वस्तू निराळी. बटाटे तीन मध्यम, कांदा एक, अंडी चार, तेल अर्धी वाटी. बटाट्याच्या आणि कांद्याच्या पातळ चकत्या तेलात मंद आचेवर झाकून पंधरा-वीस मिनिटे मऊ होऊ द्याव्यात. तांबूस करू नयेत. तेल निथळून दुसऱ्या भाजीला ठेवावे. फेटलेल्या अंड्यांत मीठ घालून त्यात या चकत्या दहा मिनिटे मुरू द्याव्यात. मग लहान तव्यात थोड्या तेलावर हे मिश्रण ओतून मंद आचेवर पाच-सहा मिनिटे ठेवावे, वर ताट पालथे घालून धीराने उलटावे आणि दुसरी बाजू तीन-चार मिनिटे भाजावी. पहिल्या खेपेस ती जमिनीवर पडते. माझी पडली होती.

येथली युक्ती म्हणजे मंद आच. अंड्यातील प्रथिने पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या पुष्कळ खाली, साठ ते सत्तर अंशांच्या सुमारास गोठू लागतात. आच मोठी झाली की ती आवळतात, पाणी बाहेर टाकतात आणि पदार्थ रबरासारखा होतो. अंडे न खाणाऱ्यांनी हरभऱ्याच्या पिठात या चकत्या घालून जाड धिरडे करावे. त्यात कमीपणा काही नाही. फ्रान्सच्या नीस शहरात 'सोक्का' आणि इटलीच्या जिनोआत 'फारिनाता' या नावाने हरभऱ्याच्या पिठाचे धिरडे लोक रांगेत उभे राहून खातात.

३) शिरो (इथिओपिया). हे नाव मी प्रथम आमच्या विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांकडून ऐकले. एके काळी पुष्कळ भारतीय शिक्षक इथिओपियात शिकवायला जात, त्यांपैकी ते एक. तेथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी आणि शुक्रवारी मांस, दूध, अंडी वर्ज्य करतात. त्या दिवसांचे अन्न म्हणजे शिरो. "अहो, तुमचे पिठलेच ते," सर म्हणाले, "फक्त आंबोळीबरोबर खायचे." ती आंबोळी म्हणजे 'इंजेरा', तेफ नावाच्या अतिबारीक धान्याचे पीठ आंबवून केलेली. आपण तांदूळ-उडदाची आंबोळी घ्यावी. दोन कांदे अगदी बारीक चिरून कोरड्या पातेल्यात, तेल न घालता, मंद आचेवर ढवळत राहावे. पाणी आटले की तीन चमचे तेल, लसूण, आले, दोन चमचे लाल तिखट, चिमूटभर मेथीपूड व वेलची घालावी. अडीच वाट्या पाणी घालून उकळी आली की अर्धी वाटी भाजलेले हरभऱ्याचे पीठ एका हाताने पेरत दुसऱ्या हाताने ढवळावे, आणि पंधरा मिनिटे मंद शिजवावे.

पीठ पेरायचे का? मूठभर पीठ एकदम उकळत्या पाण्यात पडले की गोळ्याच्या बाहेरच्या थरातील स्टार्च फुगून त्याचे चिकट कवच बनते आणि आत पाणी शिरू शकत नाही. हीच गुठळी. ही गोष्ट मला जोडीदाराच्या अव्वाने शास्त्राशिवाय सांगितली होती: पीठ पाण्याला भिववू नये, सवयीने घालावे. पण पीठ भाजलेले का, हा प्रश्न मी सरांना विचारला आणि त्यांच्या उत्तराने मला जागच्या जागी गप्प केले.

कुळथाची पिठी

माझी आई कुळथाची पिठी करी. पावसाळ्यात, चार दिवस उघडीप नसताना, गरम भातावर ती पिठी आणि वर तेलाची धार. आई गेली तेव्हा मी नोकरीला लागून सात वर्षे झाली होती. त्या पावसाळ्यात मी कुळीथ आणले, गिरणीत नेऊन दळून आणले आणि पिठी केली. कोकम, लसूण, मिरची सगळे आठवणीप्रमाणे घातले. तिला कच्चट, तुरट वास येत होता. पुन्हा केली, पुन्हा तेच. पत्नी निपाणीकडची, तिच्या माहेरी ही पिठी नव्हती. बहीण म्हणाली, "दादा, मी कधी लक्षच दिले नाही रे." दोन वर्षांनी मी तो प्रयत्न सोडला. आईबरोबर ती चवही गेली, असे मनाशी म्हटले.

सरांचे उत्तर असे होते: "तिकडच्या बायका कडधान्य आधी भाजतात, मग दळतात. नाहीतर कच्चा वास जात नाही." ते ऐकताना मला आमच्या पडवीतली चूल दिसली. दिवाळीनंतर आई मोठ्या लोखंडी कढईत कुळीथ भाजत बसे, ते तडतडत, त्याचा वास अंगणापर्यंत येई. मग ती ते जात्यावर भरडून पाखडी आणि नंतर दळी. मी ते शंभरदा पाहिले होते. अभ्यासाचे पुस्तक घेऊन तिच्या शेजारीच बसत असे. कशाला भाजतेस, हे मात्र एकदाही विचारले नाही. स्वयंपाकातले ते काम, आपल्याला काय करायचे आहे!

त्या रविवारी मी कुळीथ भाजले, साले पाखडली, मिक्सरमध्ये दळले. पिठी आईसारखीच झाली असे म्हणणार नाही. पण कच्चट वास नव्हता, आणि बहिणीने पहिला घास घेतल्यावर हात थांबवला, माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता जेवली. जी गोष्ट माझ्या घरात तीस वर्षे माझ्या समोर चालली होती, ती मला इथिओपियाहून परतलेल्या माणसाने सांगावी लागली.

विद्यार्थ्यांना विनंती

तात्पर्य असे: जगातील कोणताही पदार्थ करून पाहा. जिन्नस मिळत नसेल तर जवळचा घ्या, पण कृतीतील ज्या पायरीचे कारण कळत नाही ती गाळू नका, आधी "हे कशाला?" असे विचारा. चुना गाळणाऱ्यांचे काय झाले ते वर सांगितलेच आहे. आणि हाच प्रश्न सुटीत घरी गेल्यावर आई, आजी, अव्वा, अज्जी यांना विचारा. मुलांनी तर विशेषेकरून विचारा, कारण मुलींना ही विद्या सांगण्यावाचून सुटका नसते आणि मुलांना ती कोणी सांगतच नाही.

या वार्षिकात मराठी आणि कन्नड असे दोन्ही विभाग आहेत. माझी सूचना अशी, की दिवाळीच्या सुटीत प्रत्येकाने घरातील एक पदार्थ, त्याचे प्रमाण आणि त्यातील एका तरी पायरीचे कारण लिहून आणावे. मराठी मुलांनी मराठीत, कन्नड मुलांनी कन्नडमध्ये. पुढील अंकात ते समोरासमोरच्या पानांवर छापता येतील. कारणांमागचे शास्त्र तपासून देण्याचे काम माझ्याकडे राहील; प्रयोगशाळेच्या शेजारची माझी खोली दुपारी तीननंतर उघडी असते. झुणका आणि पिठले यांतला फरकही त्या निमित्ताने एकदाचा ठरवून टाकू.